काळी तार गुलाबी कशी होते? धातूवर बसणारे आणि धातूवरून उठणारे रेणू

बाळीवेस

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजात बारावीचं प्रात्यक्षिक होतं, अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाचं. विजेच्या वायरीतली तांब्याची बारीक तार सोलून काढायची, पेन्सिलीवर गुंडाळून तिची स्प्रिंग करायची आणि दिव्याच्या ज्योतीत लाल होईपर्यंत धरायची. बाहेर काढली की दोन-तीन सेकंदांत ती काळी पडते. गरम असतानाच ती परीक्षानळीतल्या थोड्याशा स्पिरिटच्या वाफेत सोडायची. काळी तार खालून वर गुलाबी होत जाते, नव्या तांब्यासारखी लख्ख. दहा-बारा वेळा असं केलं की नळीतून हिरव्या सफरचंदासारखा, नाकाला झोंबणारा वास येतो. ॲल्डिहाइड ओळखणाऱ्या शिफच्या अभिकर्मकाचे चार थेंब टाकले की जांभळट गुलाबी रंग चढतो. ॲसिटाल्डिहाइड तयार झालं, वहीत लिहा, संपलं.

एका मुलीचं मात्र संपलं नाही. तार बोटांत फिरवत तिनं विचारलं, "मॅडम, स्पिरिट आधी तांब्याला चिकटतं का? आणि चिकटतं, तर सुटतं कसं?"

अकरावीला अधिशोषणाचा, म्हणजे पृष्ठभागावर रेणू चिकटण्याचा, धडा असतो. भौतिक आणि रासायनिक अधिशोषणातला फरक मुलं तक्त्यासकट पाठ करतात आणि त्याचे गुणही मिळतात. पण चिकटलेला रेणू पुढे काय करतो हे त्या तक्त्यात नाही. मी तिला "दोन दिवसांनी सांगते" म्हणाले आणि तेव्हापासून रोज रात्री वाचते आहे. समजलं ते इथे मांडते. या विषयात काम केलेले लोक इथे आहेत हे माहीत आहे, तेव्हा चुकत असेन तर सांगा.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या हिशोबाचा. धातूवर बसलेला रेणू सेकंदाला साधारण दहा लाख कोटी वेळा थरथरतो, आणि प्रत्येक वेळी सुटायची एक संधी असते. ती साधेल की नाही हे पकडीवर (म्हणजे रेणू धातूपासून सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेवर) आणि तापमानावर ठरतं. २७ अंश सेल्सिअसला पकड मोलला ४० किलोज्यूल असेल, तर रेणू धातूवर टिकतो सेकंदाचा दहा लाखावा भाग. पकड १०० किलोज्यूल असेल तर सुमारे सात तास. १५० असेल तर चार लाख वर्षं! पकड चौपटही वाढलेली नाही, आणि मुक्काम कुठल्या कुठे गेला. तापमानाचंही तसंच. तीच १०० किलोज्यूलची पकड आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात, ४३ अंशाला, सात तासांवरून तासाभरावर येते. आणि तो चार लाख वर्षांचा मुक्काम २२७ अंशाला आठ मिनिटांत आटोपतो. हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वहीत उतरवून घ्यायला लागली.

आता आपला एथॅनॉलचा, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा, रेणू. त्याच्या ऑक्सिजनवर न वापरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. स्वच्छ तांब्यावर तो त्या बाजूनं टेकतो, पण सैल. थोडं तापवलं की जसा आला तसा बहुतेक उठून जातो. काळ्या तारेवर मात्र ऑक्सिजन आधीच बसलेला आहे. तो अल्कोहोलच्या ओएच गटातला हायड्रोजन ओढून घेतो. राहिलेला तुकडा म्हणजे एथॉक्सी. हा ऑक्सिजनच्या टोकानं तांब्याला घट्ट धरून, शेपटी वर करून बसतो. तसाच राहिला तर लवकर हलणार नाही. पण तार गरम आहे. ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवरचा एक हायड्रोजन तुटतो, कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध होतो, आणि त्या क्षणी ऑक्सिजनला तांब्याची गरज राहत नाही. उरतं ते ॲसिटाल्डिहाइड. त्याची पकड कमी, म्हणून ते वाफेबरोबर निघून जातं. पृष्ठभागावर जमलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाणी होऊन जातात.

म्हणून मी तिला सांगितलं, जो चिकटला तो सुटलाच नाही. सुटला तो दुसराच रेणू. हे बरोबर आहे ना?

तराजू

लेख आवडला. पण एक मुद्दा स्पष्ट करायला हवा, नाहीतर मुलं परीक्षेत चुकीचं लिहितील. तुमच्या प्रयोगात तांबं उत्प्रेरक नाही. काळी तार म्हणजे कॉपर ऑक्साइड, आणि ते ऑक्साइड खर्ची पडतंय. एका अल्कोहोलमागे एक ऑक्सिजन गेला, तार गुलाबी झाली की काम थांबलं. ही सरळ हिशोबी अभिक्रिया झाली. उत्प्रेरक तो, जो शेवटी होता तसा परत मिळतो.

मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. मळीपासून अल्कोहोल आम्ही रोज काढतो, आणि ॲसिटाल्डिहाइड आमच्याकडे नको असलेला पाहुणा म्हणून ऊर्ध्वपातनाच्या स्तंभाच्या माथ्यावर येतं. तेच मुद्दाम करायचं असेल, तर अल्कोहोलची वाफ आणि हवा एकत्र तापलेल्या चांदीवरून किंवा तांब्यावरून सोडतात. तिथे ते उत्प्रेरण म्हणायचं.

बाळीवेस

मान्य, शंभर टक्के. पण मग असं बघा. तार गुलाबी झाल्यावर मुलं ती परत ज्योतीत धरतात, परत काळी करतात, परत वाफेत सोडतात. बारा फेऱ्या झाल्या तरी तार तीच. हवा आणि वाफ एकाच वेळी दिली तर याच दोन पायऱ्या तारेवर शेजारी शेजारी चालतील, एवढाच फरक उरतो ना?

तराजू

हो. तसं मांडलंत तर वाद नाही. मुलांनी पायऱ्या वेगळ्या करून बघितल्या, कारखान्यात त्या एकत्र चालतात.

निर्वात

धागा आजच दिसला. माझं शाळा-कॉलेज सोलापुरात झालं, पुढे पुण्यात पीएच.डी.ची पाच वर्षं मी नेमकं हेच केलं. तांब्याच्या एका स्फटिकावर छोटे रेणू बसवायचे आणि ते उठताना मोजायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाळीवेसताईंनी लिहिलेला मार्ग बरोबर आहे. तो नुसता कागदावरचा अंदाजही नाही. १९७८ मध्ये स्टॅनफर्डला वॅक्स आणि मॅडिक्स यांनी तांब्याच्या आणि चांदीच्या स्फटिकांवर हे दाखवलं. त्यांनी एथॅनॉलऐवजी त्याचा धाकटा भाऊ, मेथॅनॉल, घेतलं. युक्ती सुंदर होती. मेथॅनॉलमध्ये चार हायड्रोजन असतात, तीन कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. त्यांनी ऑक्सिजनवरचा तेवढा बदलून त्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्यूटेरियम, घातलं. आता कुठला हायड्रोजन कुठे गेला हे वजनावरून ओळखता येतं. ड्यूटेरियम बाहेर पडलं ते पाण्यात, आणि फॉर्माल्डिहाइडमध्ये, म्हणजे मेथॅनॉलपासून होणाऱ्या ॲल्डिहाइडमध्ये, सापडले ते कार्बनवरचे साधे हायड्रोजन. म्हणजे आधी ओएच तुटतो, मग मेथॉक्सी (मेथॅनॉलचा उरलेला तुकडा) बसून राहतो, आणि नंतर कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो. तांब्यावर हे शेवटचं पाऊल ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पडतं.

मोजायची रीत अशी. स्फटिक खूप थंड करायचा, त्यावर रेणूंचा एक थर बसू द्यायचा, मग दर सेकंदाला ठरावीक अंशांनी तापवत जायचं आणि समोरच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या उपकरणावर) कुठल्या तापमानाला काय उठतं ते बघायचं. सैल बसलेले आधी उठतात, घट्ट बसलेले नंतर. मध्येच एखादा रेणू तुटला तर त्याचे तुकडे त्यांच्या त्यांच्या वेळेला उठतात. आलेखावर एकेक डोंगर येतो. पहिल्यांदा स्वतःच्या नमुन्याचा डोंगर पडद्यावर चढताना बघितला ती रात्र मला अजून आठवते.

यातला सगळ्यात कष्टाचा भाग रेणू बसवण्याचा नसतो, धातू स्वच्छ ठेवण्याचा असतो. एका चौरस सेंटिमीटरवर धातूचे सुमारे दहा कोटी कोटी अणू उघडे असतात. आपल्या नेहमीच्या हवेत असा कोरा पृष्ठभाग काही नॅनोसेकंदांत झाकला जातो. हवेचा दाब पाऊणशे कोटी पटींनी कमी केला तरी एका सेकंदात पूर्ण थर बसतो. तासन्‌तास कोरा धातू हवा असेल, तर त्याच्याही खाली आणखी दहा हजार पट जावं लागतं. त्यासाठी स्टीलचा तो अख्खा डबा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून दीडशे अंशाला दोन-दोन दिवस भाजायचा, भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जाईपर्यंत. मग स्फटिकावर आरगॉनच्या आयनांचा मारा करून वरचे थर खरवडायचे आणि तापवून तो पुन्हा सपाट होऊ द्यायचा. आत एखाद्या भागावर बोटाचा ठसा राहिला, तर आठवडा फुकट. गेर्हार्ड एर्टल यांना २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच कोऱ्या पृष्ठभागांवर केलेलं कित्येक वर्षांचं काम आहे.

आता त्या मुलीला पुढचा प्रश्न पडेलच, म्हणून आत्ताच सांगतो. तांबंच का? निकेल का नाही? निकेलवरही मेथॉक्सी तयार होतो. पण तिथे तो फॉर्माल्डिहाइडवर थांबत नाही. साध्या खोलीच्या तापमानापर्यंत पोचायच्या आत त्याचे सगळे हायड्रोजन काढले जातात आणि मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो, तोही निकेलला घट्ट धरून. उलट सोन्याचा सपाट पृष्ठभाग मेथॅनॉलला जवळजवळ विचारतच नाही. १९९५ मध्ये हॅमर आणि नॉर्स्कोव्ह यांनी याचं कारण मांडलं. रेणू धातूजवळ आला की दोघांच्या इलेक्ट्रॉन-पातळ्या मिसळून दोन नव्या पातळ्या होतात, एक जोडणारी आणि एक तोडणारी. निकेल, प्लॅटिनममध्ये तोडणारी पातळी बरीचशी रिकामी राहते, म्हणून बंध पक्का. तांबं, चांदी, सोनं यांत तीसुद्धा भरून जाते, त्यामुळे पकड सैल पडते. सोन्यात सगळ्यात सैल. फॉर्माल्डिहाइड हवं असेल, तर हातात धरून वेळेवर सोडणारा धातू लागतो, आणि तो गुण तांब्या-चांदीत आहे.

बॉयलर_अक्कलकोटरोड

मॅडम, सर, नमस्कार. माझं शिक्षण आयटीआय. टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलरवर बावीस वर्षं झाली. तुमचं सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण पकडीचा हिशोब वाचून एक गोष्ट डोक्यात आली, ती विचारतो.

बॉयलरच्या नळ्यांत क्षार साचले की आम्ही डिस्केलिंग करतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड पातळ करून फिरवायचं. नुसतं ॲसिड टाकलं तर क्षारासोबत लोखंडही खाईल, म्हणून आधी इनहिबिटर टाकायचा. टाकीभर ॲसिडला थोडासाच पुरतो. त्याला उग्र वास असतो, हाताला लागला तर दोन दिवस जात नाही. एवढ्याशा औषधानं एवढं मोठं लोखंड कसं वाचतं, हे मला कुणी सांगितलं नाही.

दुसरं. आमचे जुने उस्ताद बजावायचे की ॲसिड साठ अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही. एका कारखान्यात, नाव नको, घाई म्हणून गरम ॲसिड फिरवलं. इनहिबिटर बरोबर मापानं टाकला होता. तरी नळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं तर चार ठिकाणी गळती. तेव्हा मी हेल्पर होतो, पण ते अजून विसरलो नाही. याचं कारण तुमच्या हिशोबात बसतं का?

बाळीवेस

काका, अगदी बसतं. तुमचा अनुभव मी उद्या वर्गात सांगणार आहे.

इनहिबिटरमध्ये हेक्झामाइन, थायोयुरिया अशा जातीचे सेंद्रिय रेणू असतात. त्यांच्यात नायट्रोजन किंवा गंधक असतं, त्या टोकानं ते लोखंडाला धरतात. उघड्या लोखंडावर जिथे अणू सुटून ॲसिडात जाणार, जिथे हायड्रोजनचे बुडबुडे तयार होणार, त्याच जागा हे रेणू अडवून बसतात. क्षारावर त्यांची तशी पकड नाही, म्हणून क्षार विरघळत राहतो.

थोडासाच का पुरतो, हे मी आत्ता कागदावर मांडून बघितलं. असा एक रेणू साधारण अर्धा चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असं धरलं, तर एक चौरस मीटर लोखंड एका थरानं झाकायला एक मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. पन्नास चौरस मीटरच्या नळ्या असल्या तरी चिमूटभर पुरे. प्रत्यक्षात जास्त टाकतात, कारण रेणू सतत बसत-उठत असतात. उठलेल्याच्या जागी लगेच दुसरा बसायला ॲसिडात त्यांची पुरेशी गर्दी हवी.

आणि तुमच्या उस्तादांचे साठ अंश त्याच बसण्या-उठण्यावर आहेत. तापमान वाढलं की मुक्काम झपाट्यानं कमी होतो. माप बरोबर असूनही लोखंड जास्त वेळ उघडं पडतं, आणि त्याच वेळी ॲसिडचा जोरही वाढलेला असतो. दोन्ही बाजूंनी मार.

बॉयलर_अक्कलकोटरोड

बावीस वर्षांनी कळलं. आमच्या नव्या पोरांना असंच सांगतो, नियम म्हणून नको, कारण म्हणून.

मधला_मारुती

आमचं घर भांड्यांच्या व्यापारातलं. निर्वात यांचं पृष्ठभाग कोरा ठेवण्याचं वाचून कल्हई आठवली. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर भुरभुरवायचा, भसकन पांढरा धूर, आणि लगेच कथलाची काडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं कथील सगळीकडे फिरवायचं. नवसागर कमी पडला तर कथील थेंब थेंब होऊन घरंगळायचं, धरायचंच नाही. हेही तेच का?

निर्वात

कल्हई म्हणजे धातूवर धातू, त्यामुळे अधिशोषणाच्या पुढची गोष्ट आहे. पण सुरुवात तीच, कोरा पृष्ठभाग. नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचं ऑक्साइड काढून टाकतं आणि पुढच्या दोन-चार सेकंदांत, पुन्हा ऑक्साइड धरायच्या आत, कथील पसरावं लागतं. त्या दोन-चार सेकंदांवर कल्हईवाल्याचं सगळं कसब उभं असतं.

शेंगापोळी

मी गृहविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. निकेलचा उल्लेख आला म्हणून विचारते. वनस्पती तूप निकेल वापरून करतात आणि त्यातच ट्रान्स फॅट तयार होतं, एवढं आम्ही शिकवत आलो. हायड्रोजन घालून तेल घट्ट होतं, हे कळतं. पण ट्रान्स फॅटमध्ये तर जास्तीचा हायड्रोजन नसतोच! अणू तेवढेच, आकार फक्त बदललेला. मग निकेलनं केलं तरी काय? आपल्या शेंगदाण्याच्या तेलाचं उदाहरण घेऊन सांगाल का?

निर्वात

ताई, हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. कारण धातूवर रेणूचं नेमकं काय होतं हे ट्रान्स फॅटइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आधी थोडा इतिहास. १८९७ मध्ये फ्रान्समध्ये साबात्ये आणि सँदेराँ यांनी एथिलीन आणि हायड्रोजन बारीक निकेलवरून सोडले आणि एथेन मिळवलं. साबात्ये यांना १९१२ चं नोबेल या कामासाठी मिळालं. दरम्यान १९०२ मध्ये जर्मनीत नॉर्मान यांनी द्रव तेलावर हीच युक्ती वापरून पेटंट घेतलं. आपल्या डब्यातलं वनस्पती तूप तिथून आलं.

आत काय घडतं ते १९३४ मध्ये होरिउटी आणि पोलान्यी यांनी मँचेस्टरला मांडलं, आणि तो आराखडा आजही टिकून आहे. हायड्रोजनचा रेणू निकेलवर येताच दुभंगतो, दोन सुटे अणू पृष्ठभागावर फिरत राहतात. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्लाची साखळी भरपूर असते. तिच्या मधोमध एक दुहेरी बंध, आणि त्यामुळे साखळीला तिथे बाक. हा दुहेरी बंध निकेलवर टेकतो, उघडतो, आणि दोन्ही कार्बन धातूला एकेका बंधानं धरतात. आता एक हायड्रोजन येऊन एका कार्बनला जोडला गेला. तो कार्बन सुटला, दुसरा अजून धातूला धरून आहे. ही अर्धवट अवस्था. सगळं काही या अवस्थेत ठरतं.

दुसरा हायड्रोजन लगेच मिळाला तर काम पुरं झालं, साखळी सरळ आणि संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध न उरलेली. पण हायड्रोजन जवळपास नसेल, तर ती अर्धवट साखळी एका बंधावर लटकत राहते. मधला बंध आता एकेरी आहे, त्याच्याभोवती ती गरकन फिरू शकते. मग ती त्याच कार्बनवरचा किंवा दुसऱ्या बाजूच्या शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन निकेलला परत देते आणि पुन्हा दुहेरी बंध करून निघून जाते. हिशोबानं काहीच घडलं नाही. एक हायड्रोजन आला, एक गेला. पण निघताना साखळी फिरलेली असू शकते. बाक असलेली सिस गेली, जवळजवळ सरळ ट्रान्स आली. कधी कधी तर दुहेरी बंध एक घर सरकलेलाही असतो.

परिणाम किती मोठा? ओलेइक आम्ल १३-१४ अंशाला वितळतं, म्हणून आपल्याकडे ते कायम पातळ. त्याचा ट्रान्स जोडीदार, इलाइडिक आम्ल, वितळतं ते ४४ अंशाच्या आसपास. सोलापूरच्या भर मे महिन्यातल्या दुपारीच कुठे ते पातळ व्हायला लागेल. अणू तेच, संख्या तीच. म्हणून हायड्रोजनचा दाब कमी आणि तापमान जास्त ठेवलं की ट्रान्स वाढतं. पृष्ठभागावर हायड्रोजनची टंचाई असते आणि साखळ्या अर्धवट लटकून परत फिरतात. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. त्या नियमामागे निकेलवरचं हे एका बंधावर लटकणं आहे.

आता एक गोष्ट अशी, जिच्यामुळे मी या विषयात अडकलो. एथिलीनचा छोटा रेणू प्लॅटिनमवर खूप थंडीत आडवा झोपतो, दोन्ही कार्बन धातूला धरून. त्याचा कार्बन-कार्बन बंध १.३४ ऑंगस्ट्रॉमवरून (एक ऑंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) ताणून दीडच्या आसपास जातो. खोलीच्या तापमानाला आणलं की तो एक हायड्रोजन गमावतो आणि चक्क उभा राहतो! खालचा कार्बन प्लॅटिनमच्या तीन अणूंच्या खळग्यात रुतलेला, वर मिथाइलचं टोक. याला एथिलिडाइन म्हणतात. १९७९ मध्ये बर्कलीत सोमोरजाई यांच्या गटानं इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनावरून त्याची रचना पक्की केली. उपकरण लावलं की पृष्ठभागावर हाच दिसायचा. साहजिकच वाटलं की एथेन यातूनच होत असणार.

तसं नव्हतं. १९९० च्या दशकात त्याच गटानं लेझरच्या साहाय्यानं, निर्वात न करता, साध्या दाबाखाली अभिक्रिया चालू असतानाच पृष्ठभाग पाहिला. एथिलिडाइन नुसता बसून असतो. फार घट्ट, इतका की कामातच येत नाही. एथेन होतं ते सैल टेकलेल्या थोड्याशा रेणूंपासून, आणि ते मोजायलाही अवघड, कारण आले न आले तोवर गेलेले असतात. मला वाटतं, बाळीवेसताईंच्या विद्यार्थिनीला हे आवर्जून सांगावं. पृष्ठभागावर सगळ्यात ठळक दिसणारा रेणू आणि काम करणारा रेणू एकच असेल असं धरून चालायचं नाही.

शेंगापोळी

एक हायड्रोजन आला, एक गेला, आणि साखळी फिरून गेली. तीस वर्षं शिकवलं, पण ही मधली पायरी कुठे वाचली नव्हती. मनापासून आभार.

तराजू

आमच्याकडचं एक सांगतो. डिस्टिलरीच्या जुन्या स्तंभात वरच्या काही ट्रे तांब्याच्या होत्या, बाकी स्टीलच्या. नवीन स्तंभ बसवताना कुणीतरी म्हणालं, सगळं स्टीलच करू, स्वस्त पडेल. जुन्या केमिस्टनी अडवलं. मळीतल्या गंधकामुळे वाफेत गंधकाची सेंद्रिय संयुगं येतात, कुजक्या कोबीसारखा वास. ती तांब्यावर बसतात, तुटतात, गंधक तांब्याकडे राहतं. देखभालीच्या वेळी त्या ट्रे काढल्या की वर काळी साय. बोट फिरवलं तर काजळीसारखी निघते, खाली खडबडीत तांबं. इथे तांबं सोडत नाही, धरून ठेवतं, आणि तेच आम्हाला हवं असतं. फक्त वेळच्या वेळी घासायला लागतं.

बाळीवेस

काल मी आणि ती मुलगी, दोघींनी कॉलेज सुटल्यावर पुढचा प्रयोग केला. तराजू यांनी म्हटलेलं खरं उत्प्रेरण डोळ्यांनी बघायचं होतं. चंचुपात्रात थोडं ॲसिटोन घेतलं, तांब्याची स्प्रिंग ज्योतीत लाल केली आणि काचेच्या कांडीला अडकवून द्रवाच्या वर, न टेकवता, सोडली. धूर ओढून घेणाऱ्या कपाटात केलं, कारण बाहेर पडणारी वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट. शिवाय ॲसिटोन पेट घेऊ शकतं. घरी कुणी करू नये.

ज्योत नाही, काही नाही, आणि तार लालच राहिली. मिनिट झालं, दोन झाली. लालीचा पट्टा तारेवर वरखाली सरकत होता. एका वेढ्यावर उजळायचा, तिथे मंदावला की शेजारच्या वेढ्यावर. हवेतला ऑक्सिजन आणि ॲसिटोनची वाफ तारेवर भेटून जी उष्णता देत होते, तीच तारेला तापवत होती. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी प्लॅटिनमच्या तारेवर असंच ज्योतीविना तेजाळणं पाहिलं होतं, हे मी तिला सांगितलं. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक, नजर तारेवरून हलत नव्हती.

मग तार थंड झाल्यावर तिनं भिंगाखाली धरली आणि न वापरलेली तार शेजारी ठेवली. नवी तार गुळगुळीत, चकचकीत. वापरलेली मखमलीसारखी, मंद, बारीक बारीक खडबडीत. तिनं वहीत लिहिलं, "रेणू बदलतात तसा धातूही बदलतो." आणि विचारलं, की तांब्याचे अणू जागचे हलले का?

निर्वात, याचं उत्तर तुम्हीच द्या.

निर्वात

हलले. तिचं निरीक्षण पक्कं आहे. तारेवर ते मोठ्या प्रमाणात झालं. ऑक्साइड बनताना आणि परत तांबं होताना पृष्ठभाग उकरला जातो. पण एकेका अणूच्या पातळीवरही हे स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकातून दिसलेलं आहे. तांब्याच्या एका विशिष्ट पृष्ठभागावर ऑक्सिजन येऊन बसला की पायऱ्यांच्या कडांवरचे तांब्याचे अणू सुटून सपाट भागावर चालत येतात. ऑक्सिजनबरोबर एकाआड एक अशा लांब सरळ ओळी बनवतात, तांबं-ऑक्सिजन-तांबं-ऑक्सिजन. नंतर मेथॅनॉल सोडलं की ते या ओळींवर कुठेही हल्ला करत नाही. ओळीच्या मधल्या ऑक्सिजनला दोन्ही बाजूंनी आधार असतो. ओळ कुरतडली जाते ती टोकाकडून. टोकाचा ऑक्सिजन जातो, मग त्याच्या मागचा टोक होतो.

बॉयलर_अक्कलकोटरोड

सर, आमच्याकडे टॉवेल उसवतो तो कडेनंच. म्हणून कड दुमडून शिवतात. त्या ओळीची टोकं कशानं बंद करता येतात का?

निर्वात

काका, नेमक्या टोकांबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. पण तांब्यावर घट्ट बसणारा दुसरा रेणू किंवा अणू सोडला की तिथली अभिक्रिया मंदावते. गंधक हे काम करतं, आणि थोडंसंच पुरतं. तराजू यांच्या ट्रेवरची काळी साय आठवा.

बाळीवेस

मग पुढच्या शनिवारी एका तारेला आधी किंचित गंधकाची धुरी देऊन बघतो, दुसरी तशीच ठेवतो. दोन्ही तारा एकाच चंचुपात्रावर शेजारी शेजारी सोडणार. भिंगाखालचे फोटो इथेच टाकते.